पूर ओसरल्यावर पेटणारे दिवे

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या चिपळूणच्या बाजारपेठेत शिरल्या. पाणी उतरलं तेव्हा दुकानांत, घरांत आणि दारातल्या गाड्यांत गुडघाभर गाळ बसला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात वेगळंच घडलं. तिथे कृष्णा-पंचगंगेचं पाणी आलं आणि कितीतरी दिवस हललंच नाही. त्याआधी २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत मिठी नदीचं पाणी, गटारांचं पाणी आणि भरतीचं पाणी एकत्र झालं. गाडीच्या दृष्टीने ही तीन वेगळी पाणी आहेत. पहिल्यात गाळ, दुसऱ्यात मुक्काम, तिसऱ्यात मीठ आणि मैला. पण तिन्हींनंतर गॅरेजमध्ये एक प्रकार सारखाच पाहायला मिळतो. ऑइल बदललं, फिल्टर बदलले, सीटा उन्हात वाळवल्या, गाडी सुरूही झाली, आणि मीटरवर मात्र दिव्यांची रांग लागली. चेक लाइट, एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, बॅटरी. मालक विचारतो, "एवढं सगळं गेलं?"

बहुतेक वेळा एवढं सगळं गेलेलं नसतं. मीटरवरचा दिवा म्हणजे बिघडलेल्या पार्टची पावती नव्हे. गाडीतल्या एका कॉम्प्युटरने नोंदवलेली ती तक्रार असते, आणि पुरानंतर बहुतेक तक्रारी दुसऱ्याच कुणामुळे झालेल्या असतात. हे नीट न कळल्यामुळे चांगले सेन्सर भंगारात जातात आणि हिरवी पडलेली दीडशे रुपयांची वायर तशीच राहते.

मुळात पाण्याने इलेक्ट्रॉनिक्स लगेच मरत नाही. पाणी आणि वीज एकत्र आली की मरतं. किल्ली काढून ठेवलेली गाडी आपल्याला बंद वाटते, पण सेंट्रल लॉक, अलार्म, टेप, ईसीएमची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मेमरी, स्कॅनर लावायचा सॉकेट या सगळ्यांकडे बॅटरीतून कायमचा बारा व्होल्टचा पुरवठा चालू असतो. अशी गाडी गढूळ पाण्यात बुडाली की वायरी जोडणाऱ्या कपलरमधली प्रत्येक पॉझिटिव्ह पिन आणि शेजारची अर्थची पिन यांच्यामध्ये विद्युत-विघटन सुरू होतं. शाळेत तांब्याचा मुलामा द्यायचा प्रयोग केला होता, तोच इथे नको त्या जागी होतो. पॉझिटिव्ह पिनेचं तांबं विरघळत जातं, हिरवा-पांढरा थर जमतो, आणि पाण्यात क्षार जितके जास्त तितका हा वेग वाढतो. म्हणून बुडालेल्या गाडीचं पहिलं काम किल्ली फिरवणं नव्हे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं हे आहे. सेल्फ तर मारूच नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग दिव्यांची चिंता करायचं कारणच उरत नाही.

सांगलीसारख्या पुरात बॅटरी उतरेपर्यंत हे विघटन चालू राहतं. चिपळूणसारख्या पुरात ते थोड्या वेळात थांबतं, पण गाळ आत राहतो. गाळ ओल धरून ठेवतो आणि बॅटरी परत जोडली की उरलेलं काम पूर्ण करतो. सर्किट बोर्डवर तर दोन रेषांमधल्या ओलसर मळीतून धातूचे केसासारखे तंतू वाढतात आणि एके दिवशी दोन्ही रेषा जोडून टाकतात. जुलैत बुडालेली आणि ऑगस्टमध्ये "एकदम ओके" झालेली गाडी दिवाळीच्या सुमारास विचित्र वागायला लागते, त्यामागचं कारण हे आहे.

पाणी कुठवर चढलं होतं हे विम्याचा सर्वेअर आधी विचारतो: मॅटपर्यंत, सीटपर्यंत की डॅशबोर्डपर्यंत? ही विचारणा केवळ कागदासाठी नाही. मॅटपर्यंतचं पाणी म्हणजे किरकोळ, असा सर्वांचा समज असतो. पण अनेक गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट गिअर लिव्हर किंवा हँडब्रेकच्या खाली, थेट फ्लोअरवर बसवलेलं असतं. सीटखाली एअरबॅग यंत्रणेचे पिवळे कपलर असतात. दाराच्या उंबऱ्यालगत, मॅटच्या खालून मागच्या दिव्यांची, पेट्रोल पंपाची आणि मागच्या एबीएस सेन्सरची वायरिंग जाते. म्हणजे घोटाभर पाण्यातही गाडीतली सर्वांत नाजूक यंत्रणा बुडू शकते. त्यात मॅटखालचा जाड नमदा. वरून मॅट कोरडं लागतं, नमदा मात्र पंधरवडाभर पाणी धरून बसतो आणि बंद गाडीत त्याची वाफ होऊन ती डॅशबोर्डातल्या बोर्डांवर जमते. सीटा काढून, मॅट पूर्ण उचलून, नमदा बाहेर उन्हात टाकल्याशिवाय पुढचं कुठलंही निदान करू नये, असं माझं ठाम मत आहे. स्कॅनर नंतर.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. वायरीच्या आत तांब्याच्या बारीक तारा असतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी केशाकर्षणाने चढतं. कपलर पाण्याच्या रेषेच्या बराच वर असला तरी वायरीच्या आतून ओल तिथवर पोचते. बाहेरून स्वच्छ दिसणारी वायर सोलली आणि आतलं तांबं काळं निघालं, की समजायचं.

आता मीटर वाचू या. किल्ली 'ऑन'वर नेली, इंजिन सुरू केलं नाही, की इशाऱ्याचे बहुतेक दिवे पेटतात आणि एअरबॅग, एबीएससारखे काही दोन-चार सेकंदांत विझतात. ही त्यांची स्वतःची तपासणी असते. आपलं लक्ष न विझणाऱ्या दिव्यांकडे जातं, पण जो दिवा मुळात पेटलाच नाही तो अधिक वाईट. त्याचा अर्थ मीटरच बिघडलंय, ते युनिट पूर्ण मुकं झालंय, किंवा कुणीतरी मुद्दाम दिवा बंद केलाय. लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, एवढं बहुतेकांना माहीत असतं. चेक लाइट लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतोय. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये.

तीन-चार दिवे एकदम पेटलेले असतील तर तीन-चार बिघाड शोधायला निघू नये. त्यांच्यात सामाईक काय आहे ते पाहावं. एबीएस, गाडी घसरू न देणारं ईएसपी, हिल होल्ड आणि कधी कधी बंद पडलेला स्पीडोमीटर, या सगळ्यांना चाकाच्या वेगाची माहिती लागते. एका चाकाजवळच्या सेन्सरच्या कपलरमध्ये चिखल शिरला की चौघेही एकदम नाराज होतात. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा दिवा तर निव्वळ व्होल्टेज पडलं म्हणूनही लागतो, कारण स्टिअरिंगची मोटर गाडीतल्या मोठ्या ग्राहकांपैकी आहे.

तेव्हा सुरुवात बॅटरीपासून. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.४ हवेत, फक्त हल्लीच्या काही गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त केलेला असतो हे लक्षात ठेवावं. मग बॉडी अर्थ. इंजिनपासून बॉडीला आणि बॉडीपासून बॅटरीला जाणाऱ्या जाड पट्ट्या आणि डॅशबोर्डखाली, दाराच्या उंबऱ्याजवळ बोल्टने आवळलेल्या अर्थच्या बांगड्या इथे पुराचं पाणी हमखास घर करतं. इंजिन सुरू करण्याजोगं झाल्यावर मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून कुणालातरी सेल्फ मारायला सांगावं. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब. तो साफ केल्यावर निम्मे दिवे विझल्याचं अनेक वायरमन सांगतील, आणि त्यात अतिशयोक्ती नसते. एखाद्या युनिटचा अर्थ तुटला की त्याचा करंट दुसऱ्या वाटेने परतायला बघतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटणं, वायपर लावल्यावर मीटरचा काटा हलणं, असली भुताटकी तिथूनच येते.

मल्टिमीटर इथे एक फसवणूक करतो, ती कळली पाहिजे. तो मोजताना जवळजवळ शून्य करंट ओढतो. कुजून एकच तार शिल्लक राहिलेल्या वायरीवरही तो थाटात बारा व्होल्ट दाखवेल. त्या वायरीवर प्रत्यक्ष भार टाकला की व्होल्टेज कोसळतं. म्हणून जुने वायरमन इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना जोडून वापरतात. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब लख्ख पेटला तर वायर खरी. एलईडीचा टेस्टर इथे निरुपयोगी आहे. मात्र हा बल्ब दिव्यांच्या, मोटरांच्या आणि पंपाच्या वायरींवरच वापरायचा. ईसीएमच्या सेन्सरच्या वायरींवर नाही आणि एअरबॅगच्या तर जवळपासही नाही.

एवढं झाल्यावर स्कॅनर. ड्रायव्हरच्या पायांच्या वर, डॅशबोर्डखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ मोटारींना ओबीडी-२ ही यंत्रणा आवश्यक झाली, त्यामुळे अलीकडच्या बहुतेक गाड्यांत तो सापडतो. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ यंत्र इंजिनचे कोड वाचतं, एवढंच. एबीएस, एअरबॅग आणि बॉडी कंट्रोलचे कोड त्याला सहसा दिसत नाहीत, आणि पुरानंतर खरी गोष्ट तिथेच असते. सर्व युनिटं वाचणारा स्कॅनर असलेला माणूस गाठावा.

कोड वाचले की ताबडतोब पुसायचे नाहीत. आधी सगळी यादी जपून ठेवायची. बुडताना, बॅटरी उतरताना, पंप बंद पडताना प्रत्येक युनिटने काही ना काही लिहून ठेवलेलं असतं. त्यातलं बरंचसं आता इतिहासजमा आहे. यादी ठेवून मग पुसावं, गाडी थोडी फिरवावी आणि परत आलेले कोड तेवढे खरे मानावेत. 'पी'ने सुरू होणारे कोड इंजिन-गिअरबॉक्सचे, 'सी' ब्रेक-स्टिअरिंगकडचे, 'बी' बॉडीचे आणि 'यू' हे युनिटांमधल्या संभाषणाचे. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. तो दिसला तर त्याच्या खालच्या दहा तक्रारी त्याच्याच पोटातून आलेल्या असण्याचा संभव मोठा.

'यू' कोड वाचताना कोण कुणाविरुद्ध बोलतंय ते पाहायचं. यू०१२१ म्हणजे एबीएस युनिट बोलत नाही. हा कोड ईसीएम, मीटर आणि स्टिअरिंग या तिघांतही सापडला तर तिघे निर्दोष आहेत. एबीएसचा फ्यूज, अर्थ आणि कपलर पाहायचा. फ्यूजसुद्धा नुसता डोळ्यांनी नाही, दोन्ही पायांवर व्होल्टेज मोजून. फ्यूज शाबूत आणि त्याची खाच मात्र गंजलेली, हे पुराच्या गाडीत नेहमीचं.

सगळेच एकमेकांविरुद्ध बोलत असतील किंवा स्कॅनरला कुणीच उत्तर देत नसेल, तर संशय संभाषणाच्या वायरींवर. बॉश कंपनीने १९८६ मध्ये कॅन नावाची पद्धत मांडली. त्यात पिळलेल्या दोनच वायरींवर गाडीतली अनेक युनिटं बोलतात. वायर वाचली, वजन वाचलं, पण भजनी मंडळात एकानेच टाळ बेताल बडवत ठेवले तर बाकीच्या कुणाचाच अभंग ऐकू येत नाही, तशी गत होते. ओल शिरलेलं एक युनिट दोन्ही वायरी धरून बसतं आणि धडधाकट युनिटंही मुकी होतात. तपासणी सोपी आहे. बॅटरी काढायची, थोडं थांबायचं आणि सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये ओहम मोजायचे. वायरीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, दोन्ही मिळून ६० दिसले पाहिजेत. १२० दिसले तर कुठेतरी वायर तुटली आहे किंवा एका टोकाचं युनिट सुटलंय. शून्याजवळ दिसलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मग एकेक युनिटचा कपलर काढत जायचं. ज्याच्या सुटण्याने बाकीचे बोलायला लागतात, गुन्हेगार तोच. काही गाड्यांत सॉकेट आणि या वायरींच्या मध्ये गेटवे नावाचं युनिट असतं, तिथे ही मोजणी सॉकेटवर चालत नाही, गाडीचा वायरिंगचा नकाशा पाहावा लागतो.

सेन्सर खोटं कसं बोलतात हाही मजेदार भाग आहे. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर म्हणजे तापेल तसा रोध कमी होत जाणारा एक लहानसा तुकडा. बऱ्याच गाड्यांत तो २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम दाखवतो. त्याच्या कपलरमध्ये ओलसर गाळ असेल आणि त्या गाळाचा रोधही तेवढाच असेल, तर ईसीएमला दोन्ही मिळून साडेबाराशे दिसतात आणि तो समजतो इंजिन ४० अंशांवर आहे. त्या हिशेबाने तो पेट्रोल कमी सोडतो आणि सकाळी गाडी सुरू व्हायला रडते. इथे कोड लागत नाही, कारण ४० अंश हा काही अशक्य आकडा नाही. उलट वायर तुटली तर स्कॅनरवर उणे ४० दिसतं. कोकणात हे तापमान कुणी बघितलेलं नसल्याने हा बिघाड चटकन कळतो. रात्रभर थंड झालेल्या गाडीत सकाळी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर वाचावं. दोन्ही आकडे एकमेकांजवळ आणि बाहेरच्या हवेजवळ हवेत.

अनेक सेन्सरांना ईसीएम पाच व्होल्टचा सामाईक पुरवठा करतो. त्यातल्या एकाने पाणी पिऊन तो पुरवठा खाली ओढला की बाकीचेही चुकीचे आकडे देतात आणि चार सेन्सर बदलण्याचं अंदाजपत्रक तयार होतं. पी०६४२ हा कोड दिसला तर काहीही विकत घेण्याआधी त्या ओळीवरचे सेन्सर एकेक करून काढून पाहावेत. सायलेन्सरवरच्या ऑक्सिजन सेन्सरला मात्र ही दया दाखवता येत नाही. चालत्या गाडीने पाण्यात उडी घेतली असेल तर लालबुंद तापलेली त्याची सिरॅमिक तडकलेली असू शकते, आणि ती वाळवून जुळत नाही.

दिवे सगळे विझले, पण गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, ही नंतरची तक्रार. गाडी बंद करून युनिटं झोपी गेल्यावर, म्हणजे साधारण अर्ध्या तासाने, ५० मिलिअँपिअरच्या आत करंट जायला हवा. एखादं ओलं युनिट झोपतच नसेल आणि ५०० मिलिअँपिअर जात असेल, तर ४५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० तासांत रिकामी, म्हणजे चार दिवसही नाहीत. इथे फ्यूज उपटत बसू नये, त्याने झोपलेली युनिटं जागी होतात. फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजावेत. जिथून करंट वाहतोय तिथेच आकडा दिसतो.

साफसफाईबद्दल थोडंच. गाळ वाळण्याआधी कपलर गोड्या, शक्यतो डिस्टिल्ड पाण्याने धुवावेत, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा काँटॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश, मग सावकाश वाळवणं. बुडालेली वस्तू परत पाण्याने धुवायची हे लोकांना पटत नाही, पण पाणी वाळून जातं, गाळ आणि क्षार जात नाहीत. काही ठिकाणी फ्यूज बॉक्सवर डिझेल मारतात. गंज सुटल्यासारखा वाटतो, पण रबराची सीलं फुगतात आणि पुढच्या उन्हाळ्यात धूळ लिंपली जाते. उघडून पाहिलेल्या बोर्डावर रेषा काळ्या पडून तुटल्या असतील तर तो सोडून द्यावा. आणि जुन्या बाजारातून आणलेला ईसीएम नुसता जोडून भागत नाही. इमोबिलायझरमुळे त्याला त्या गाडीची किल्ली शिकवावी लागते, नाहीतर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं किंवा सुरूच होत नाही.

एअरबॅगच्या बाबतीत मात्र मी कुणालाही हात घालायला सांगणार नाही. पिवळ्या कपलरमागे स्फोटक आहे. मल्टिमीटरचा लहानसा करंटही तिथे जाता कामा नये. बॅटरी काढल्यावरही युनिटमधले कपॅसिटर काही मिनिटं भरलेले असतात. बुडालेलं एअरबॅग युनिट वाळवून वापरायचं नसतं, सीटबेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरचंही तेच. दिवा विझावा म्हणून कपलरमध्ये रोधक खोचून देणारे भेटतात. युनिटला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, आणि ती नसते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर उच्च दाबाच्या नारिंगी वायरींबद्दलही हेच. बॅटरी पॅकवर आयपी६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, सांगलीतला आठवडा नव्हे.

दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. पण अशा गाड्या नाहीशा होत नाहीत, लिलावातून दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात. जुनी गाडी घेताना सीट शॅम्पू केलेल्या असतील, वास अत्तराने झाकलेला असेल. किल्ली 'ऑन' करून एअरबॅगचा दिवा स्वतःचा स्वतः पेटतो आणि विझतो का, ते पाहावं. बऱ्याच गाड्यांत कोडबरोबर त्या वेळचे किलोमीटर नोंदले जातात. सर्व युनिटं वाचणारा स्कॅनर लावला आणि पाच-सहा युनिटांत एकाच किलोमीटरला व्होल्टेज पडल्याची नोंद निघाली, तर त्या आकड्याला ही गाडी पाण्यात उभी असण्याची दाट शक्यता आहे. आणि एकाही युनिटात एकही नोंद नसेल, शिवाय प्रदूषणाच्या स्वयंतपासण्या 'अपूर्ण' दाखवत असतील, तर कोड बहुधा नुकतेच पुसलेत. ते का पुसले, हे विक्रेत्याला तिथल्या तिथे विचारता येतं.